ईश्वरीनं कोरे ठेवलेले गोल

घरीच मुलं शिकवणाऱ्या मंडळींनो, चिखलीहून उंद्रीला परतताना एसटीतच हे लिहितेय, राग निवायच्या आत.

माझी ईश्वरी आजवर घरीच शिकली. आता आठवीपासून शाळेत जायचं तिनंच ठरवलं, म्हणून शाळेनं आज तिची चाचणी घेतली. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, बरोबर उत्तराचा गोल काळा करायचा. जे येत नव्हतं तिथले गोल तिनं कोरे ठेवले आणि बाजूला लिहिलं, "माहीत नाही." थोड्याच मार्कांनी नापास झाली.

चाचणी घेणारे सर भले होते. मला म्हणाले, "ताई, चुकलं तं मार्क कापत नाहीत. अंदाजानं तरी काळे कराले सांगाचं होतं."

ईश्वरी मधेच बोलली, "सर, जे येत नाही ते येते असं काऊन दाखवू?"

सर हसले. मला हसू आलं नाही, कारण हे तिला मीच शिकवलंय.

पुढच्या महिन्यात पुन्हा चाचणी आहे आणि ती देणारच. अंदाज मी शिकवणार नाही. कोरे राहिलेले गोल आम्ही दोघी अभ्यास करून भरू. त्यातली काही उत्तरं मलाही येत नाहीत, हे तिला आत्ताच सांगून टाकलं.

तुम्ही तुमच्या पोरांना असं शेवटचं कधी सांगितलंत?