नऊ बायकांचे उपास

आमच्या बचत गटाची मिटिंग महिन्यातून एकदा, पण किस्से रोजचे! उंद्रीहून चार पावलांवरच्या आमच्या गावात दहा बायका एका सतरंजीवर बसवल्या की दुसरं होणार काय? मी गटाची सचिव. रजिस्टरात मी ठराव लिहिते, आणि जे लिहिता येत नाही ते डोक्यात साचत जातं. आज तेच सांगते.

*

आमच्या अध्यक्ष पाटलीणबाई. त्यांच्या घरी मिटिंग असली की आम्ही नऊजणी सतरंजीवर आणि त्या दिवाणावर. एकदा तालुक्याहून मॅडम आल्या. दिलेली खुर्ची सोडून आमच्यात खाली बसल्या आणि म्हणाल्या, "गटात सगळ्या सारख्या!"

पाटलीणबाईंनी मान डोलावली. "हाव ना मॅडम, सारख्याच! मी वरत बसते ते माहे गुडघे दुखतात म्हनून."

पुढच्याच आठवड्यात नागपंचमी होती. सगळ्यात जास्त फुगड्या पाटलीणबाईंनी घातल्या!

*

त्याच मॅडमनी एकदा विचारलं, "गावात काही घरं गरीबच का राहतात? तुम्हाला काय वाटतं?"

पाटलीणबाईंचं उत्तर तयार होतं. "लोकाइले काम नको असते, मॅडम."

लीलाबाई दाराशी बसून तळपायातला काटा काढत होती. ही आमच्या गटातली दहावी बाई. घर नाल्यापलीकडच्या वस्तीत, आणि मजुरी पाटलीणबाईंच्याच वावरात. वयानं त्यांच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, तरी त्या तिला 'लीले'च म्हणतात. जात कुणी तोंडानं काढत नाही. आमचं गाव सुधारलेलं आहे.

लीलाबाईनं काटा काढून टाकला आणि शांतपणे म्हणाली, "बाई, तुमच्या सोयाबीनमंदी धुऱ्याकडचं तन निंदाचं राह्यलं. मिटिंग झाली का जाते."

*

पाटलीणबाईंच्या घरी चहाचे कप विसळायला मोलकरीण आहे. लीलाबाई मात्र आपला कप आपणच विसळून ओट्याच्या कडेला पालथा घालायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि राहू दे असंही कुणी म्हटलं नव्हतं. मीही नाही.

मग कागदी कप आले. सगळ्यांना सारखे, पिऊन झाले की टोपलीत!

लीलाबाई मला म्हणाली, "सायबाइनं एवढ्या योजना आनल्या वो माय, पन कागदाच्या कपासारकी एकबी नाही."

*

मिटिंग पाळीपाळीनं एकेकीच्या घरी. ज्या घरी मिटिंग, तिथं चहा आणि काहीतरी खायला. पहिल्यांदा लीलाबाईची पाळी आली तेव्हा तिनं सारवलेल्या अंगणात पाट मांडले होते आणि गरम भजी काढली होती.

पाटलीणबाई म्हणाल्या, "मले सोमवार हाय." त्यांचा सोमवार खरा, कडक. पण बाकीच्यांचं काय? एकीला गुरुदेवाचा, एकीला नवसाचा. मी तर सोमवार धरतच नाही, तरी माझ्याही तोंडातून निघालं, "मलेबी उपास हाय."

नऊ बायका, नऊ उपास! लीलाबाई "बरं" म्हणाली आणि परातीवर झाकण ठेवलं.

दहा महिन्यांनी पुन्हा तिची पाळी. या वेळी बुधवार होता. तिनं दाणे घालून साबुदाण्याची खिचडी केली होती. "यंदा उपासाचंच केलं वो समद्याइले."

पाटलीणबाईंना साबुदाण्यानं पित्त झालं. खाण्याआधीच! त्यांच्यामागे आम्हा सगळ्यांना झालं. घरी येऊन मी शिळी भाकर खाल्ली. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

*

मग आमच्या गटाला देऊळगाव राजाच्या जत्रेत झुणका-भाकरीचा स्टॉल मिळाला. भाकरी थापायला लीलाबाई. तिच्यासारखा हात आमच्यात कुणाचा नाही, आणि ठेचा तर असा की डोळ्यांतून पाणी येईल पण माणूस ताट सोडणार नाही. "मावशी, अजून एक भाकर!" म्हणत गिऱ्हाइकांनी नुसती गर्दी केली.

दुपारी आम्ही स्टॉलमागे रांगेनं जेवायला बसलो. पाटलीणबाईंनी लीलाबाईच्या तव्यावरच्या तीन भाकरी खाल्ल्या. "लीले, ठेचा वाढ वो!"

मी हळूच म्हटलं, "बाई, आज सोमवार ना?"

"गावाभाईर कायचा सोमवार! इथं कोन ओळखते आपल्याले?"

लीलाबाईची पाठ आमच्याकडे होती. तव्यावरची भाकरी तिनं जरा उशिरा उलटली.

*

परवा पुन्हा तिची पाळी होती. पुन्हा सोमवारच आला. नाला ओलांडताना पाटलीणबाई निवांत होत्या. आज न खाण्याचं कारण खरंच होतं!

अंगणात शिरलो आणि थबकलो. कडुनिंबापासून दाराच्या खांबापर्यंत जत्रेतल्या स्टॉलचा बॅनर बांधलेला. खाली चूल पेटलेली, रांगेनं नऊ ताटं. शेजारच्या बायका आपापल्या दारात उभ्या राहून पाहत होत्या.

लीलाबाईनं पदर खोचला. "या वो बाया. आज हे देऊळगाव राजा हाय. इथं तुमाले कोनी ओळखत नाही."

कुणी हललं नाही. मग मी चप्पल काढली आणि पहिल्या ताटावर जाऊन बसले. एकेक करत सातजणी माझ्या बाजूला बसल्या. एक ताट रिकामं राहिलं.

पाटलीणबाईंनी बॅनरकडे पाहिलं, दारातल्या बायकांकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून त्या खाली बसल्या. भाकरीचा तुकडा मोडला. मान वर न करता म्हणाल्या, "लीले, ठेचा वाढ वो."

लीलाबाई ठेच्याची वाटी घेऊन त्यांच्यासमोर आली आणि उभी राहिली.

"जत्रेत समदे मले मावशी म्हनत होते, बाई."