मसीरा बेटावरचे धम्मप्रचारक

ओमानात अशी एकही सजीव-निर्जीव वस्तू नसेल, जिला आमचे भावजी घाबरत नाहीत. हे आमच्या ह्यांचे मावसभाऊ. वय सव्वीस, शिक्षणाने इंजिनियर, नोकरी मसीरा बेटावरच्या बर्फाच्या कारखान्यात आणि मनाने धम्मप्रचारक. गावाकडून बौद्धाचार्याचं प्रशिक्षण घेऊन आलेले, त्यामुळे बेटावरच्या पाचसहा मराठी कामगारांना धम्म आपणच शिकवायचा, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. प्रवचनाचा आवडता विषय कोणता, तर निर्भयता! आणि स्वतः बेटाच्या फेरीबोटीवर गाडीतून उतरायचे नाहीत. सीटबेल्ट लावून, वर लाइफजॅकेट चढवून डोळे मिटून बसायचे. अहो, बोट बुडाली तर त्या सीटबेल्टचं काय लोणचं घालणार?

बेटावर वारा सुटला की छप्पर उडण्याची भीती, वारा पडला की वादळाची. सकाळी कारखान्यात अमोनियाची, संध्याकाळी किनाऱ्यावर कासवांची. लगेच मला आमच्या घरी, अल् घुब्र्याला फोन. "वहिनी, कासव माणसाच्या मागे लागतं का हो?" मी म्हणायचे, "लागलं तर चालतच घरी जा, पळायची गरज नाही." पण सगळ्यात मोठी भीती अर्बाबची, म्हणजे कारखान्याच्या ओमानी मालकाची. परवानगीशिवाय खोलीत प्रार्थना चालते हे त्याला कळलं, तर नोकरी खलास, व्हिसा खलास. आणि वाशीमला म्हाताऱ्या आईचं औषधपाणी ह्याच नोकरीवर. म्हणून शुक्रवारची वंदना खिडक्या लावून, कुजबुजत चालायची. बाहेरच्याला वाटावं, आत कुणीतरी आजारी आहे.

बुद्धपौर्णिमा शुक्रवारी आली तेव्हा आम्ही दोघं मुद्दाम बेटावर गेलो. मी खीर केली. सगळे पांढऱ्या शर्टात बसले, आणि नेमका अर्बाब दाराशी आला. फोरमन गवईकाका घाईघाईने बाहेर गेले. सगळे आत असे गप्प का, म्हणून त्याने विचारलं, तर काकांची घाबरगुंडी उडाली. त्यांनी सांगून टाकलं, "इंजिनियर का माँ मर गया." आत भावजी त्याच वेळी खोटं न बोलण्याचं शील देत होते.

तासाभरात अर्बाब परत आला तो दोन वडीलधाऱ्यांना घेऊन, सांत्वनाला. सोबत खजूर, कहवा आणि परातभर मटण-भात. भावजींचा हात हातात घेऊन तो शेजारीच बसला. "माँ गया तो घर खाली," म्हणाला आणि डोळे पुसू लागला. काका भिंतीकडे बघायला लागले. अंधश्रद्धेवर तासभर बोलणारे आमचे भावजी, पण जिवंत आईच्या नावाचा तो भात पाहून पांढरेफटक पडले. मी हळूच म्हटलं, "भावजी, गप्प बसा. दोन घास खा आणि सुटा."

त्यांनी ताट बाजूला सारलं.

"अर्बाब, मेरी माँ ज़िंदा है. हम प्रार्थना कर रहे थे. डर के मारे झूठ बोला."

अर्बाबने त्यांचा हात सोडला. मग तो म्हणाला, "फोन लगाओ." आता पोलीस, असं वाटून मी ह्यांचा दंड घट्ट धरला.

"किसको?" भावजींनी कसंबसं विचारलं.

"माँ को."

व्हिडिओ कॉल लागला. मुलाच्या शेजारी दाढीवाला अरब बघून वाशीमच्या मावशींनी हंबरडाच फोडला. "बाळा, पकडलं का रे तुला?"

"नाही गं आई, कुणी पकडलं नाही. रडू नकोस. मी आहे ना," भावजी म्हणाले. त्यांना कुणाला धीर देताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मग नीट दिसत का नाहीस?"

दिसणार कसे? हात इतका थरथरत होता की फोन जागेवर राहीना. अर्बाबला मराठी काय कळणार, पण त्याने आपला हात त्या हाताखाली धरला आणि फोन स्थिर केला. मावशींना आता कमी दिसतं. त्या दिवशी मात्र त्यांनी मुलाला पोटभर पाहून घेतलं. त्यांचं बघून होईपर्यंत अर्बाबने हात काढला नाही.