चर्चमधला माझा जयकार

निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं आणि मला बिदरच्या मिशन दवाखान्यात नर्स व्हायचं होतं. माझी वागणूक बघायला डॉक्टरीणबाईंनी मला चर्चमध्ये नेलं. तिथं चार गोऱ्या पाहुण्यांनी लहानमोठी फिडलं वाजवली. एक तर माझ्याएवढं होतं. देवाचं गाणं सुरेख संपलं, तरी एक माणूस जयकार करेना! पाहुण्यांचा एवढा अपमान मज शहाणीला सोसवला न्हाई. मी उठून ओरडले, “बोला, येशूमहाराज की जय!”

मागच्या बाकांवरच्या गावकऱ्यांनी “जय!” म्हणून छप्पर हादरवलं.

“कामून ओरडलीस गं?” बाई कडाडल्या.

“भजन संपल्यावर म्हणावं लागतंय, अम्मा!”

नर्स काही त्यांनी मला केलं न्हाई. दवाखान्याच्या अंगणात रोग्यांची नावं पुकारायला ठेवलं.