चार बोटं कापड

आलापल्लीच्या बाजारातला आमचा शिंपी भिंतीला पाठ लावून, रस्त्याकडे तोंड करून बसतो. मशीन उजेडात घ्या म्हटलं, की नुसतं हसतो. लहानपणी त्याला नक्षल्यांच्या दलमवाल्यांनी जंगलात नेलं, शिवण तो तिथंच शिकला आणि मोठेपणी शरण आला, एवढंच गावाला ठाऊक.

शाळेच्या प्रत्येक पँटीला तो आतून चार बोटं जास्तीचं कापड दुमडून ठेवतो. "वाढतं लेकरू हाये मॅडम, पुढच्या साली उसवून घालन." त्याच्यावर आईबाप खूश असतात, मीही होते.

यंदा सव्वीस जानेवारीला माझ्या मुलाला सैनिक व्हायचं होतं. मी हिरवं कापड नेलं. शिंप्यानं माप घेतलं, पण मुलाच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. ड्रेस अंगावर झकास बसला. घरी येऊन उलटा करून पाहते तर आत दुमड नाहीच! माझं डोकं फिरलं. तशीच परत गेले.

"माझ्याच पोराचं कापड बरं खाल्लंत?"

त्यानं मशीनखालून कापलेल्या हिरव्या पट्ट्या काढून माझ्या हातात दिल्या.

"खाल्लं नाई मॅडम. हा एकदाच घालू द्या त्याले." मग पायडलवर पाय ठेवून, रस्त्याकडे बघत म्हणाला, "मले पहिला असाच हिरवा ड्रेस देल्ला होता. त्याले आत लय कापड होतं. मिशी फुटेपर्यंत उसवून उसवून तोच घातला."