सुखदेवचं नाव मीच सांगितलं

सुखदेव तायडे गेल्याची चिठ्ठी मला वर्गात मिळाली. अकोल्याहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरजवळ कुणीतरी दिली होती, ती शिपायाने आणून टेबलावर ठेवली. कावीळ झाली होती हे मला ठाऊक होतं, आठवड्यापूर्वीच त्याला दवाखान्यात पाहून आलो होतो, तरी ती दोन ओळींची चिठ्ठी मी तीनदा वाचली. सहावीचा भूगोलाचा तास होता. चिठ्ठी खिशात घातली आणि गंगेकाठची शहरं पुढे सांगायला लागलो. हरिद्वार झालं, पुढे कानपूर यायला हवं होतं... ते काही तोंडून निघेना. एका पोरीने आठवण करून दिली, तेव्हा तिच्यावरच खेकसलो. बत्तीस वर्षांचा माणूस गेला होता आणि मला त्या शहराची लाज वाटत होती. का, ते आज सांगायचं आहे. मृत माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. सुखदेवबद्दल चांगलं बोलायला मला काहीच अडचण नाही, अडचण माझ्याबद्दल आहे.

आमची ओळख दर्यापूरजवळच्या एका गावात, श्रमदानाच्या शिबिरात झाली. तो हिवरखेडकडचा, अकोल्याला कॉलेजात होता. मी अमरावतीचा देशमुख. गावापासून सडकेपर्यंत रस्ता करायचा होता. काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडी आखापर्यंत रुतायची, म्हणून नाल्याकडचा मुरूम घमेल्यांनी हातोहात आणून टाकायचा. पहिल्या दिवशी आपसूकच दोन रांगा झाल्या, एक गावची, दुसरी दोन वर्षांपूर्वी दीक्षा घेतलेल्या बौद्ध वस्तीची. मी शिबिराचा चिटणीस. दोन रांगांनी काम दुप्पट होतंय असं मी वहीत लिहिलंसुद्धा. दुसऱ्या सकाळी सुखदेव गावच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला आणि आपल्या वस्तीतल्या पहिल्या माणसाला म्हणाला, "ये, माया मांगं लाग." अशी दोन रांगांची एक रांग झाली. त्याच्या आधी उभा असलेला पाटलाचा थोरला मुलगा त्याच्या हातात घमेलं देईना. तो ते जमिनीवर ठेवायचा आणि सुखदेव जमिनीवरून उचलायचा. दोघांनीही दिवसभर वाकायचं. सुखदेवला सवय होती, पाटलाच्या मुलाला नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याची कंबर धरली आणि त्याने मुकाट्याने घमेलं हातात दिलं. सुखदेव फक्त मागच्याला म्हणाला, "धर." तो प्रसंग मी समारोपाच्या भाषणात असा काही रंगवून सांगितला की पाहुण्यांनी उठून टाळ्या वाजवल्या. पुढे एका संस्थेने होतकरू तरुण नेत्यांना पारितोषिकं दिली, त्यात आम्हा दोघांची नावं आली. तो राबला म्हणून, मी बोललो म्हणून.

पारितोषिक म्हणजे महिनाभराचा देशाचा दौरा. खादीच्या सदऱ्यावर पितळी बिल्ला, तिसऱ्या वर्गाच्या डब्यात राखून ठेवलेले बाक, ठिकठिकाणी हारतुरे. सुखदेवच्या आईने ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता. बडनेऱ्याहून गाडी सुटल्यावर त्याने फडकं सोडलं आणि मी त्यातली भाकरी मोडून घेतली. खरं सांगतो, मी त्याच्या फडक्यातलं खातो याचं मला स्वतःचंच कोण कौतुक वाटलं होतं. आजूबाजूला कुणी पाहतंय का, तेही बघून घेतलं. सुखदेव म्हणाला, "खाय आता. थंडी झाली तर वातड होते."

दौऱ्यात तो कमी बोलायचा. एक मोठं धरण दाखवायला नेलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याची उंची विचारली. त्याने विचारलं की पाण्याखाली गेलेल्या गावातली माणसं आता कुठं राहतात. इंजिनियरसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि आम्हाला चहाला नेलं. कानपूरच्या गिरणीत कापसाच्या गाठींवर हात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. "आपल्याकडचाच असंन का रे?" एवढंच म्हणाला. त्याच्या आईचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचण्यात गेलं होतं.

कानपूरला आमची व्यवस्था धर्मशाळेत नव्हती, कुटुंबांत होती. दोघादोघांना एकेक घर. आम्हाला एका वकिलांचं घर मिळालं. वकीलसाहेब बाहेरगावी होते. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही माताजी म्हणू लागलो, त्यांनी स्वतः दारात येऊन आमच्या पिशव्या घेतल्या. स्वयंपाकघरालगत आसनं मांडली. कोपऱ्यात चौरंगावर वकीलसाहेबांची म्हातारी आत्या माळ ओढत बसली होती. पहिला घास घेणार, तोच आत्याबाईंनी विचारलं, "बेटा, कौन बिरादरी हो तुम लोग?"

माताजी काहीतरी सांगायला वळल्या होत्या. हे मला नंतर आठवलं, तेव्हा दिसलं नाही. तेव्हा मला फक्त सुखदेवचं ताट दिसलं, आणि ते आता उचललं जाणार अशी खात्रीच झाली. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, "हम देशमुख हैं, बुआजी. ये मेरी बुआ का लड़का है. ये भी देशमुख." आतेभाऊ देशमुख कसा असेल, एवढाही विचार केला नाही. माताजींनी एकदा सुखदेवकडे पाहिलं आणि वाटीत वरण वाढलं. सुखदेव मान खाली घालून जेवला.

तीन दिवस त्या घरात त्याला सगळे देशमुखजी म्हणाले. देशमुखजी, पानी लीजिए. देशमुखजी, नहा लीजिए. तो उठायचा, पाणी घ्यायचा. माझ्याशी नेहमीसारखाच वागत होता, म्हणून मला वाटलं, आपण मोठंच काम केलं, मित्राची लाज राखली. एकदा अंगणात गाठून मी त्याला म्हणालोही, "बरं झालं ना, निभलं." तो म्हणाला, "तुले कोनं इचारलं होतं?" मी समजलो की आत्याबाईंनी, आणि तसं उत्तरही दिलं.

निघायच्या सकाळी टांगा दारात उभा होता. माताजींनी दोघांच्या कपाळाला टिळा लावला. आत्याबाई ओसरीवर होत्या. सुखदेवने वाकून नमस्कार केला आणि सरळ उभा राहून म्हणाला, "माताजी, मेरा नाम सुखदेव तुळशीराम तायडे है. मैं बौद्ध हूँ. इनका भाई नहीं हूँ."

त्या म्हणाल्या, "मुझे मालूम है बेटा. मेहमानों की सूची में सब लिखा था. बुआजी को भी बता रखा था, वो भूल जाती हैं. मैंने सोचा, तुम्हें ही अपना नाम बताना अच्छा नहीं लगता होगा... तो मैं चुप रही."

आत्याबाईंनी माळ थांबवली नाही. टांगेवाला घोड्याच्या तोंडाशी काहीतरी पुटपुटत होता. सुखदेवच्या चेहऱ्याकडे पाहायची मला छाती झाली नाही. त्या बाईंनी त्याला त्याच्या नावानिशी घरात घेतलं होतं आणि तीन दिवस त्यांची समजूत अशी होती की या मुलाला स्वतःची लाज वाटते. पाटलाच्या मुलासमोर जो दिवसभर वाकला पण हटला नाही, त्याची ही ओळख मी करून ठेवली होती. गाडीत मी म्हणालो, "सुखदेव, मी तुयासाठीच..." तो म्हणाला, "मालूम आहे." आणि खिडकीकडे सरकून मला बसायला जागा केली. त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

परत आल्यावर अमरावतीला आमचा सत्कार झाला. तिथे मी आणखी एक गोष्ट केली, जी मला पहिलीपेक्षा जास्त टोचते. भर सभेत कानपूरच्या घराची हकिकत सांगितली. एका घरात, एका पंगतीत, कसलाही भेद नाही, हाच नवा भारत वगैरे. नावाचं तेवढं गाळलं. टाळ्या पडल्या. मग सुखदेवला उभं केलं. त्याने स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं, गावाचं सांगितलं आणि खाली बसला. पोरगा बुजला म्हणून लोक कौतुकाने हसले. मीही हसलो.

दोस्ती मात्र तुटली नाही, ती त्याने तुटू दिली नाही. तो अकोल्याला सरकारी कचेरीत लागला, मी इथे मास्तर झालो. मी अकोल्याला गेलो की त्याच्याकडेच जेवायचो. त्याची आई माझ्या ताटात दोन भाकरी जास्तच वाढायची. तो अमरावतीला आला की आम्ही हॉटेलात चहा प्यायचो, बागेत बसायचो. सात वर्षांत तो माझ्या घराचा उंबरठा चढला नाही, कारण मी त्याला कधी चल म्हटलं नाही. घरात आई आहे, सोवळं आहे, उगीच त्याचा अपमान नको, असं मी मनाशी म्हणायचो. त्याने कधी विचारलं नाही.

दवाखान्यात गेलो तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. दुपारची वेळ, बायको औषध आणायला गेली होती. मी धीर करून कानपूरचा विषय काढला. म्हणालो, "मी चुकलो तवा."

"ते भेव त्या घरचं नव्हतंच," तो म्हणाला. "तुया घरचं होतं. तू ते इथून घेऊन गेल्ता, बिछान्यात बांधून."

आपल्यावरून जग ओळखावं म्हणतात. मी एका भल्या बाईला माझ्या स्वयंपाकघरावरून ओळखायला गेलो होतो. मी म्हणालो, "बरा झाला की घरी येजो जेवाले." त्याने मान वळवली. "तुयी आई बलावून राहिली, का तू?" मग तो हसला आणि म्हणाला, "इचार तिले. मग येतो."

आईला विचारायला मला सहा दिवस लागले. मी, ज्याला लोक वक्ता म्हणतात. सातव्या दिवशी ती तांदूळ निवडत होती, तेव्हा जमिनीकडे पाहत सगळं सांगितलं, कानपूरसकट. सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं.

"सात वर्षं झाले तू त्याच्या मायच्या हातचं खाऊन राहिला," ती म्हणाली, "अन् मी नाही म्हणीन हे तू ठरवलं. मले कधी इचारलं?"

"तू हो म्हटलं असतं?"

"म्हटलं असतं का नाही, ते आता मले तरी काय मालूम," आई म्हणाली. "पन इचाराचं तर होतं."

दुसऱ्याच दिवशी चिठ्ठी आली.

पंधरा दिवसांनी मी अकोल्याला निघालो, तेव्हा आई आपणहून लुगडं बदलून तयार झाली. सुखदेवच्या घरी तिने त्याच्या आईशेजारी बसून पाणी घेतलं. मी तिच्या हाताकडे बघत होतो, पाणी तोंडाला लागेपर्यंत. ते तिने पाहिलं. घराच्या पुढच्या खोलीत सुखदेव वाचनालय चालवायचा. संध्याकाळी कचेरीतून आला की कंदील लावून बसायचा. येणाऱ्यासाठी तिथे एक वही होती आणि एकच नियम: आपलं नाव आपण लिहायचं. ज्याला येत नसेल त्याला तो आधी नाव लिहायला शिकवायचा, चार दिवस लागोत की महिना, पण दुसऱ्याला लिहू द्यायचा नाही. हा नियम कधीपासून, असं मी त्याच्या बायकोला विचारलं. "दौऱ्याहून आल्यापासून," ती म्हणाली. का, ते तिला त्याने सांगितलं नव्हतं. माझी लाज त्याने त्याच्या घरातसुद्धा राखली होती.

तिने वही आमच्यापुढे ठेवली. मी माझं नाव लिहिलं. आईची शाळा दुसरीत सुटलेली, तिला अक्षरं जुळवायला वेळ लागतो, सगळे ताटकळतील म्हणून मी खालच्या ओळीत तिचं नाव लिहायला घेतलं. "श्रीमती" एवढं लिहून झालं होतं. आईने माझ्या हातातून टाक काढून घेतला, ते खोडलं आणि वहीवर वाकली. चंद्रभागा लिहायला तिला फार वेळ लागला. सुखदेवची आई तिच्यासमोर कंदील धरून बसली होती, आणि मी नुसता बघत होतो.