अंगणात बनलेली लाल गाडी

शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी मी मोबाईलवर एका लाल स्पोर्ट्स कारचा फोटो पाहिला. गाडी अस्सल नव्हती. लातूरच्या एका निवृत्त वर्कशॉप शिक्षकांनी जुन्या छोट्या गाडीच्या इंजिनावर, परदेशी गाडीची हुबेहूब नक्कल म्हणून अंगणात बनवलेली होती. आता त्यांचे गुडघे वाकत नव्हते, म्हणून विकायची होती.

माझा मोठा भाऊ भोकरला गॅरेज चालवतो. फोटो बघून तो म्हणाला, "बाई, हे लग्नाच्या वरातीतलं सामान हाय." तरी माझ्यासोबत लातूरला आला.

दारात सरांनी जयभीम घातला. दादानं चहाही घेतला नाही, आधी बॉनेटवर पालथा हात ठेवला. "आम्ही यायच्या आधी चालू केली होती का?"

"नाही. गार इंजिनच बघायचं असतं, मला माहीत आहे."

दादा जरा वरमला. चावी फिरवल्यावर गाडी दुसऱ्या झटक्यात सुरू झाली. धूर पांढुरका आला, मग थांबला. दादानं इंजिनवरचा नंबर फडक्यानं पुसून आरसी बुकाशी ताडून पाहिला. बदललेल्या बॉडीची नोंदही होती. मग पोतं अंथरून तो गाडीखाली शिरला. बराच वेळ फक्त पान्यानं ठोकल्याचा आवाज येत होता.

"इथलं वेल्डिंग कुणी केलं?" त्यानं खालूनच विचारलं.

"मीच. पहिलंच होतं, म्हणून तसं झालंय," सर म्हणाले. "भरवसा वाटेना, म्हणून वरून लोखंडी पट्टी मारली. डावीकडं बघा."

दादा बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत माती होती. "दिसायला लई बेढब हाय. पण पकड पक्की हाय."

चालवून बघायला मी बसले. सीट इतकी खाली, की साडी सावरत अक्षरशः आत उतरावं लागलं. रिंगरोडवर शेजारून ट्रक गेला तर त्याचं चाक माझ्या कानाशी. भीती वाटली, आणि हसूही आलं. ब्रेक मारला की मात्र गाडी डावीकडं ओढत होती.

"ब्रेक ठीक झाल्याशिवाय न्हाई घ्यायची," दादानं परत आल्यावर सांगितलं. सरांनी हत्यारांची पेटी आणली. दोघांनी मिळून चाक उघडलं. घरात सरांच्या बायकोनं मला भाकरी आणि वरण्याची उसळ वाढली. "बारा वर्षं माझं अंगण अडवलं हिनं," त्या म्हणाल्या, "तरी जाताना वाईट वाटून राहिलंय."

जेवण होईपर्यंत ब्रेक नीट झाला. व्यवहार झाला. सरांनी शेवटी गाडीच्या दारावर हात फिरवला आणि चावी दादाला नाही, माझ्या हातात दिली.

अहमदपूरपर्यंत मी चालवली. चहासाठी थांबलो तर टपरीवरची माणसं गाडीभोवती गोळा झाली. दादाच पुढं होऊन सगळ्यांना इंजिन दाखवू लागला. निघताना म्हणाला, "सरक जरा. ब्रेक बघून घेतो."

मी सरकले. लोहा मागं पडलं, नांदेडचे दिवे दिसायला लागले, तरी तो ब्रेकच बघत होता. वारा छान लागत होता.