पुढची चाकं

हमाल त्याला मुकादम म्हणत, ड्रायव्हर पाठीमागे वाट्टेल ते म्हणत, आणि तोंडावर काही बोलायची कुणाची टाप नव्हती. ट्रान्सपोर्टच्या त्या यार्डात ट्रकमध्ये कुठला माल कुठे लागणार, हे तो ठरवी. गाडी भरली की तो गुडघ्यांवर बसे, टायर आणि मडगार्डमधल्या फटीत हात घालून पाही आणि एका बाजूला हात जरा जरी अडकला की ओरडे, "उतरवा रे सगळं!" हमालांनी कितीही कपाळावर हात मारून घेतला तरी माल परत खाली. "हा बायकोला स्कूटरवर बसवताना भाजीची पिशवी कुठल्या मांडीवर घ्यायची, तेसुद्धा सांगत असेल," ड्रायव्हर हसत. सांगायचाच तो! बायको होती तोवर रोज सांगायचा.

एका बाबतीत तर तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. जड माल मागच्या चाकांच्या पुढेच लागला पाहिजे. "शेपटीला लोखंड टाकलंत की पुढची चाकं हलकी झाली. मग स्टेअरिंग फिरवा नाहीतर शिट्या मारा, गाडी सरळच जाणार."

त्याचा जावई त्याच यार्डात ड्रायव्हर होता. कमी बोलणारा, गाडी जपून चालवणारा. त्या दिवशी त्याच्या ट्रकमध्ये लोखंडी पंप आणि कापडाचे गठ्ठे जायचे होते. पंप पहिल्या मुक्कामावर, कापड पुढच्या गावी. शहाणपणाने भरायचं तर पंप केबिनकडे, गठ्ठे मागे. पण मग पंप काढायला आधी सगळे गठ्ठे उतरवा, परत चढवा. अर्धा दिवस तिथेच गेला.

गाडी भरायच्या वेळी मुकादमाच्या मुलीचा फोन आला. "बाबा, यांना आज लवकर मोकळं होता येईल असं बघा ना. खोल्या बघायला जायचंय. घरमालक संध्याकाळीच भेटतो. या खोल्या गेल्या तर परत मिळायच्या नाहीत हो."

आई गेल्यापासून त्या पोरीने बापाकडे कधी काही मागितलं नव्हतं. मुकादमाने फोन खिशात टाकला. वाटेत चढ एकच, तोही फार मोठा नाही, असं त्याने स्वतःच्या गळी उतरवलं.

"पंप मागे, फाळक्यापाशी लावा."

हमाल बघतच राहिले. "मुकादम, ऊन लागलं का काय?"

"तोंड बंद आणि हात चालू!"

त्या दिवशी तो गुडघ्यांवर बसला नाही. जावयाने मात्र मागे डोकावून पाहिलं. "मामा, चालेल ना असं?"

"मी भरलीय ना? मग?"

जावई गाडीत बसला आणि गेला.

चढावरच्या वळणावर त्याने स्टेअरिंग पूर्ण फिरवलं. पुढच्या चाकांनी रस्ता धरलाच नाही. ट्रक सरळ दगडी कठड्यावर गेला, केबिन चेपली आणि जावयाचा उजवा पाय गुडघ्यावरून कापावा लागला.

पोलिसांना त्याने सांगितलं, "डुलकी लागली." मालकाने त्याला काढून टाकलं. मुकादम दवाखान्यात हमसून हमसून रडला, तेव्हा जावई हळूच म्हणाला, "मामा, या वयात तुम्हाला दुसरं काम कोण देणार? घरात एकाची तरी नोकरी राहू दे." आणि मुकादम, देव त्याला क्षमा करो, गप्प बसला. यार्डात जात राहिला, फटीत हात घालत राहिला. पण जेवण जाईना, झोप लागेना.

मुलगी सकाळ-संध्याकाळ नवऱ्याची जखम धुवायची आणि तोंडाचा पट्टा सोडायची. एका संध्याकाळी मुकादम समोरच बसला होता. बँडेज गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "रात्री जागत बसायचं आणि दिवसा गाडीवर झोपा काढायच्या! बाबांनी भरून दिलेली गाडी होती. तिच्यात कसली खोट असणार?"

जावयाने भिंतीकडे तोंड फिरवलं. ते मुकादमाला बघवेना.

"त्याला डुलकी लागली नव्हती," तो म्हणाला. "लोखंड मागे टाकलं होतं. मी टाकायला लावलं."

मुलीचा हात थांबला. "तुम्ही? तुम्ही असं कशाला कराल?"

सगळं कबूल करायला निघालेल्या माणसाला हा एक प्रश्न सुचलाच नव्हता. "चुकलं," तो चाचरला. "वय झालं आता."

"तुमचं या कामात कधी चुकत नाही, बाबा." ती त्याच्याकडे बघत राहिली. बघता बघता तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मी फोन केला होता त्या दिवशी. लवकर मोकळं करा म्हटलं होतं."

"अगं, त्याचा काय संबंध..."

हातातलं बँडेज सुटून जमिनीवर गेलं.

जावई कोपरावर उठला. दवाखान्यातही तो असा चिडला नव्हता. "कशाला बोललात, मामा? हिने फोन केलेला मला ठाऊक होता. तुम्हाला काय वाटलं, मी तुमच्यासाठी गप्प होतो?"